टाचणीची दोन भोकं

१

लाखेचं सील शाबूत होतं, दोरा शाबूत होता, आणि आतले सगळे कागद कोरे होते.

माजी मंत्र्यांची खासगी कागदपत्रं पेट्या भरभरून अभिलेखागाराच्या तळघरात येऊन पडली, त्याला एक तप झालं होतं. ती कुणालाही वाचायला मोकळी होती. अपवाद फक्त एका पुडक्याचा. ते आपल्या नव्वदाव्या वाढदिवशी, चार लोकांसमक्ष उघडावं, अशी अट साहेबांनी देणगीपत्रातच घालून ठेवली होती. पुडक्यावर एकच शब्द होता: धरण.

धरण फुटलं त्याला एक पिढी उलटून गेली होती. खालची गावं वाहून गेली, चौकशी बसली, चौकशी उठली आणि खापर एका कनिष्ठ अभियंत्याच्या डोक्यावर फुटलं. त्यानं वेळेवर धोका कळवला नाही, असा निकाल झाला. तो तुरुंगात गेला आणि सुटल्यावर फार जगला नाही. खरं काय ते साहेबांच्या पुडक्यात आहे, असं लोक तेव्हापासून बोलत. साहेबांनी कधी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

वाचनकक्षात आज गर्दी नव्हती. साहेबांचे चिरंजीव होते. त्यांना सगळे धाकटे साहेब म्हणत, आणि पन्नाशी उलटली तरी ते धाकटेच राहिले होते. कळवळून बोलणारा, सारखा घाम पुसणारा अभिलेखपाल होता. भिंतीशी दोन बातमीदार होते. कागद हाताळायला दुरुस्ती विभागातली बाई होती. तिला तिथं टाचणीताई म्हणत, कारण आलेल्या प्रत्येक जुन्या कागदाची टाचणी उपसून काढणं हे तिचं पहिलं काम. लोखंड गंजतं आणि गंज कागद खातो. आणि दाराशी, बंदोबस्त म्हणून, फौजदारबाई उभ्या होत्या.

वर टाचलेली साहेबांच्या सहीची चिठ्ठी सोडली तर सगळे कागद कोरे निघाले, तेव्हा सगळे बघतच राहिले. हलले ते फक्त टाचणीताईचे हात. तिनं सवयीनं कोपऱ्यातली टाचणी चिमट्यात धरली, ओढली आणि टेबलावरच्या काचेच्या बरणीत टाकली. बरणीत आधीच शेकडो टाचण्या होत्या.

"बघितलंत?" धाकटे साहेब म्हणाले. "सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुरावा गायब."

"टाचणी होती साहेब," ती म्हणाली. "हात गेला आपोआप."

"आपोआप. सील न मोडता उचलून पुन्हा चिकटवता येणारं माणूस या इमारतीत किती?"

अभिलेखपालानं घाम पुसला. "तसं… गरम सुरीनं जुनी सिलं उतरवायचं काम ताईच करतात. पण म्हणजे—"

"म्हणजे काय ते मॅडम बघतील." धाकट्या साहेबांनी कोटाच्या खिशातून घडी घातलेलं एक पिवळं कात्रण काढलं आणि फौजदारबाईंपुढं ठेवलं. कात्रणात बेड्या घातलेला एक तरुण अभियंता होता. शेजारी त्याचा हात धरून दोन वेण्यांची मुलगी उभी होती.

"बंदोबस्ताला आला होतात, आता तपासाला लागा," ते म्हणाले. "ही ती मुलगी. आता नीट बघा, समोर कोण उभंय."

टाचणीताईनं कात्रणाकडं पाहिलं नाही. तिला ते पाठ होतं.

२

"इथं कुणाला सांगितलं होतं, तुम्ही त्यांची मुलगी म्हणून?"

"कुणालाच नाही. लग्नानंतरचं आडनाव लावते."

दुरुस्तीची खोली स्वच्छ होती. ब्रश, चिमटे, पातळ कागदाच्या गुंडाळ्या. फौजदारबाई स्टुलावर बसल्या होत्या. आरोपी उभी आणि पोलीस बसलेले, हे त्यांना आवडत नसे, म्हणून त्यांनी दुसरं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"बसा ताई. आणि सरळ सांगा. सील उतरवता येतं?"

"येतं."

"कुणाला पत्ता न लागता?"

"तुम्हाला लागणार नाही. मला लागेल."

"वकील समोर असता तर त्यानं कपाळावर हात मारला असता."

"बाबांचा वकीलही तेच करायचा."

फौजदारबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी तोंडातच ठेवलं. "इथं नोकरी धरली ती त्या पुडक्यासाठी?"

"हो." तिनं हात मांडीवर ठेवले. "बाबा शेवटपर्यंत एकच म्हणायचे, मी लिहून दिलं होतं. भिंत झिरपतेय, दरवाजे उघडायची परवानगी द्या, असं लिहून स्वतः साहेबांच्या कार्यालयात नेऊन दिलं. नक्कल धरणावरच्या कार्यालयात होती, ती पाण्याबरोबर गेली. आई म्हणायची, जाऊ दे, मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवून काय चुलीत घालायचंय? मला हवं होतं ते. अजून हवंय."

"आणि अकरा वर्षं ते पुडकं हाताशी होतं."

"रोज. धूळ मीच पुसायची."

"उघडून बघावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटलं. पण चोरून उघडलेल्या पुडक्यातून बाबांचं पत्र निघालं असतं, तर लोक म्हणाले असते, पोरीनंच लिहून घुसडलं. ते त्यांच्या हातांनी, सगळ्यांसमोर उघडायला हवं होतं." तिनं बरणीकडं पाहिलं. "म्हणून थांबले."

हे उत्तर फौजदारबाईंना पटलं. पण आजवर त्यांना पटलेली उत्तरं देणारी निम्मी माणसं आत गेली होती.

"नोकरीची जाहिरात कुठं वाचलीत?"

"वाचली नाही. घरी आली. पाकिटात, टपालानं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मला वाटलं, बाबांना मानणारं कुणीतरी असेल."

फौजदारबाई उठता उठता पुन्हा बसल्या.

३

अभिलेखपालाच्या टेबलावर चहा निवत होता. तो कप उचलायचा, पुन्हा ठेवायचा.

"तळघराची किल्ली?"

"माझ्याकडं. दुसरी ताईंकडं. तिसरी नाहीच."

"म्हणजे चोर तुम्हा दोघांपैकी."

कप बशीवर वाजला. "मॅडम, मला घरात झुरळ मारता येत नाही."

"चोरीला झुरळ मारावं लागत नाही. ताईंना नोकरीवर कुणी घेतलं?"

"निवड समितीनं. मुलाखतीत त्याच पहिल्या होत्या, खरंच. शिक्षण चांगलं, हात स्थिर."

"आणि?"

त्यानं दाराकडं पाहिलं. "आणि फोन होता. वरून. याच बाईंना घ्या आणि साहेबांच्या पेट्यांचं काम त्यांच्याकडंच द्या, म्हणून. मला वाटलं, नात्यातल्या असतील. आपण कशाला विचारा? विचारणाऱ्याची बदली होते."

"फोन कुणाचा?"

"नाव कुणी सांगतं का? पण आवाज सगळ्यांना ठाऊक असलेला. साहेबांच्या सचिवांचा. सावलीकाकांचा."

साहेब मंत्री नव्हते तेव्हापासून जो माणूस त्यांच्यामागे दोन पावलं उभा राहत आला, त्याला सगळं खातं सावली म्हणत असे. साहेब निवृत्त झाले. सावली झाली नाही.

ज्या घरातल्या पुडक्याला धोका, त्याच घरानं त्या अभियंत्याची मुलगी पुडक्याजवळ नेऊन बसवली होती. फौजदारबाई हे मनात उलटसुलट करत होत्या, तोवर त्यांचा फोन वाजला. वरिष्ठ होते.

"अटक झाली?"

"तपास चालू आहे सर."

"कारण आहे, संधी आहे, कसब आहे. आणखी काय, मुहूर्त हवाय? धाकट्या साहेबांचे दोन फोन येऊन गेले. संध्याकाळी बातमीत अटक दिसली पाहिजे. तिची नाही दिसली, तर तुमची बदली दिसेल."

४

फौजदारबाईंनी कोरे कागद खिडकीशी नेले.

दुपारपासून हे कागद चार जणांनी पाहिले होते, आणि प्रत्येकानं मधोमध पाहिलं होतं. अक्षर दिसतं का, उमटलेलं काही दिसतं का? कोरा कागद म्हटलं की माणूस नसलेलं अक्षर शोधतो. कोपऱ्याकडं कुणी बघितलं नव्हतं.

फौजदारबाईंची उमेदीची वर्षं मुद्देमालाच्या खोलीत गेली होती. तिथं खून पडून असत, कागदांत टाचून. वर्ष-दोन वर्षांत टाचणीभोवती तपकिरी कडं येतं. पाच-सात वर्षांत ते पुढच्या पानावर उतरतं. मग पंधरा-वीस वर्षांनी टाचणी आणि कागद एकजीव होतात. ओढली तर कागद येतो, नाहीतर टाचणी मोडते.

इथं टाचणी मोडली होती. टोक कागदांच्या गठ्ठ्यातच रुतून राहिलं होतं. डोक्याकडचा तुकडा ताईच्या चिमट्यात गेला होता. फौजदारबाईंनी एकेक कागद अलगद उचलून पाहिला. तपकिरी डाग पहिल्या कोऱ्या पानापासून शेवटच्यापर्यंत त्याच जागी, त्याच आकाराचा, खाली खाली पुसट होत गेलेला.

असा गंज गरम सुरीनं आणता येत नाही. तो फक्त वर्षांनीच येतो. ताईची अकरा काय, पेट्या आल्यापासूनची बाराही पुरत नाहीत.

म्हणजे हे कोरे कागद ताईच्या आधीपासून, पेट्या इथं येण्याच्याही आधीपासून या पुडक्यात होते. सील शाबूत होतं, कारण ते कधी कुणी उघडलंच नव्हतं. सगळ्यांनी शाबूत सिलाला चोराचं कसब मानलं होतं. ते फक्त शाबूत होतं.

मग पुडक्यात पहिल्यापासून काहीच नव्हतं?

फौजदारबाईंनी सगळ्यात वरची चिठ्ठी उचलली. वीतभर लांबीची साहेबांची सही आणि वर एक शब्द, धरण. तिच्या कोपऱ्यात ते गंजकं भोक होतंच. त्याच्या बाजूला, नखभर अंतरावर, दुसरं भोक होतं. बारीक आणि स्वच्छ. त्याला डागाचा लवलेश नव्हता. खालच्या कोऱ्या कागदांना ते नव्हतं.

चिठ्ठी आधी दुसऱ्याच कशाला तरी टाचलेली होती. थोडेच दिवस, टाचणी गंजायच्या आत ती काढून कोऱ्या कागदांना लावली गेली.

चोरी झाली होती. फक्त ती या इमारतीत झाली नव्हती.

५

साहेब खिडकीजवळच्या खुर्चीत होते, पायांवर शाल. हारांचा ढीग कोपऱ्यात पडला होता. खुर्चीमागे, दोन पावलांवर, सावलीकाका.

"साहेबांना आता काही आठवत नाही," ते म्हणाले. "तुम्ही मला विचारा."

फौजदारबाई तरीही खुर्चीसमोर वाकल्या. "साहेब, पुडकं उघडलं आज."

म्हाताऱ्याचे डोळे हलले. "उघडलं?" त्यानं बराच वेळ विचार केला. "मग आता लोक घाबरणार कशाला?"

"चला, बाहेर बसू," सावलीकाका घाईनं म्हणाले.

"इथंच बरं आहे काका. साहेबांच्या कार्यालयात कागद टाचायचं कोण?"

"मी." सावलीकाका किंचित ताठ झाले. "शिपायाला हात लावू देत नसे. तिरकी टाचणी साहेबांना खपायची नाही."

"मग हे काम तुमचंच." फौजदारबाईंनी चिठ्ठीचा फोटो त्यांच्यापुढं धरला. "भोकं दोन. एक कोऱ्या कागदांचं. दुसरं कशाचं?"

सावलीकाकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. बघायला नव्हे, वेळ काढायला.

"कोरे कागद घातले, ते समजलं," फौजदारबाई म्हणाल्या. "पण तुमच्यासारखा नेटका माणूस नवी चिठ्ठी का करत नाही? पाच ओळींचं काम नाही, एक शब्द तर लिहायचा."

"सहीचं काय?" ते चटकन म्हणाले. आवाजात दुखावलेपण होतं. "एका कामासाठी साहेबांकडं दोनदा सही मागायची नाही, हा आमच्याकडचा दंडक. उभ्या नोकरीत एकदाही मागितली नाही मी. आहे ती सही जपून वापरायची."

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय बोललो ते.

"त्या पोरानं आणून दिलेलं पत्र होतं ना?"

"सगळा भिजून आला होता," सावलीकाका हळू म्हणाले. "काका, आजच्या आज दाखवा म्हणाला. दाखवलं मी. साहेब म्हणाले, दरवाजे उघडले तर भिंतीच्या कामाची चौकशी लागेल. दोन दिवस बघू. दुसऱ्या दिवशीच भिंत गेली."

"मग ते पत्र जाळलं का नाही?"

"जाळायला काय, काडी लागते. साहेब म्हणाले, याच्यावर भिंतीच्या कंत्राटदाराची मान अडकलीय, ठेव बांधून. महिन्याभरात कंत्राटदार आपली मुलगी घेऊन दारात. धाकट्या साहेबांचं लग्न ठरलं. लोकांनी आहेरात चांदी दिली. आम्ही व्याह्यांना पत्र दिलं."

"आणि रिकाम्या पुडक्याला सील."

"साहेब म्हणाले, पुडकं राहू दे. त्यात काय आहे ते कुणाला माहीत आहे? त्या पुडक्यावर दोन मंत्रिपदं निघाली मॅडम. भरलेल्यापेक्षा रिकामंच जास्त कामाला आलं. ते उघडायची वेळ येईल तेव्हा आपण नसू, असा साहेबांचा हिशेब होता. तेवढा एक चुकला."

"आणि उघडायची वेळ आलीच, तर त्याचीही सोय करून ठेवलीत." फौजदारबाईंनी आवाज चढवला नाही. "तिच्या घरी जाहिरात कुणी पाठवली?"

सावलीकाकांनी साहेबांकडं पाहिलं. उत्तर खुर्चीतून आलं, स्वच्छ, सभेतल्यासारखं:

"रिकाम्या तिजोरीजवळ चोर आधीच बसवून ठेवावा."

साहेब हसले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले.

"पाकिटावरचा पत्ता मीच लिहिला," सावलीकाका म्हणाले.

"आत्ता जे बोललात ते लिहून द्याल?"

"साहेबांच्या सहीशिवाय मी आजवर काही लिहून दिलेलं नाही." त्यांनी शाल सारखी केली. "आणि त्यांना आता सही येत नाही."

६

धाकटे साहेब वरिष्ठांच्या खोलीत आधीच येऊन बसले होते. फौजदारबाईंनी गंज सांगितला, मोडलेलं टोक सांगितलं, दोन भोकं सांगितली. वरिष्ठ कागदांकडं न बघता पाहुण्याकडं बघत होते.

"एक राहिलं," त्या शेवटी म्हणाल्या. "पुडकं उघडून पाच मिनिटं झाली नव्हती आणि तुम्ही खिशातून कात्रण काढलंत. एवढं जुनं. वाढदिवसाला कुणी असलं कात्रण खिशात घालून येतं?"

"पूर्वतयारी गुन्हा असतो का मॅडम?"

"आत काय निघणार हे माहीत असल्याशिवाय पूर्वतयारी कशाची?"

धाकट्या साहेबांनी नखं पाहिली. "साहेबांनी आयुष्यभर एक गोष्ट जपली, शब्द. पुडकं रिकामं होतं म्हटलं की तो गेला. चोरीला गेलं म्हटलं की राहिला. मुलानं बापाचं नाव राखायचं नाही तर कुणी?"

"मुलीनंही राखायचं असतं."

"हे तुम्ही रिपोर्टात घालणार?"

"घातलंय."

ते वरिष्ठांकडं वळले. "माझा गैरसमज झाला. तक्रार मागं घेतो. त्या बाईंना त्रास नको."

"बघा, किती मोठं मन," वरिष्ठ म्हणाले. "तक्रार नाही, तर तपास नाही. तपास नाही, तर रिपोर्ट कशाचा?" त्यांनी तो उचलून खणात टाकला. "छान लिहिलाय पण. राहू दे माझ्याकडं, बंद करून."

७

दुसऱ्या दिवशी फौजदारबाई साध्या कपड्यांत दुरुस्तीच्या खोलीत आल्या. ताई कामावर होती. फौजदारबाईंनी काहीही न लपवता सगळं सांगितलं: पत्र, लग्न, आहेर, तिजोरी, पाकिटावरचा पत्ता. पत्त्याशी आल्यावर ताईनं हातातला ब्रश खाली ठेवला.

"ते पाकीट मी जपून ठेवलंय," ती म्हणाली. "चांगल्या माणसाचं अक्षर म्हणून."

मग म्हणाली, "म्हणजे माझ्यावरचा आरोप गेला."

"गेला."

"आणि बाबांवरचा?"

फौजदारबाईंना खोटं बोलता आलं असतं. "कुणी लिहून देत नाही ताई. पत्र व्याह्यांनी केव्हाच जाळलं असणार. भोकाला कोर्ट विचारत नाही."

"पण बाबांनी दिलं होतं."

"दिलं होतं."

"हे आता तुम्हाला आणि मला माहीत."

"आणि त्यांना."

"त्यांना कायमच माहीत होतं," ताई म्हणाली.

दार ढकलून अभिलेखपाल आत डोकावला. फौजदारबाईंना बघून घाम पुसायला लागला. "ताई, ती साहेबांची चिठ्ठी… झालं ते झालं. पण कागद खराब झालाय, भोकं तेवढी पातळ कागदानं बुजवून घ्या. वरून निरोप आहे, पेटी नीटनेटकी हवी." आणि तो गेला.

चिठ्ठी टेबलावरच होती. ताईनं ती चिमट्यानं उचलून दिव्याच्या काचेवर ठेवली. गंजकं भोक काळपट दिसत होतं, कडा खाल्लेल्या. दुसऱ्यातून उजेड सरळ वर येत होता.

"याच्यामागं बाबांचं पत्र होतं," ती म्हणाली. "थोडे दिवस."

तिनं दुरुस्तीची पट्टी घेतली. प्रत्येक कागदासोबत अशी पट्टी जात असे: काय बिघडलं होतं, काय केलं. तिनं लिहिलं, 'दुरुस्ती करू नये.' खाली सही केली. चिठ्ठी घडी न घालता कोऱ्या कागदांवर ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि फीत बांधली.

"निरोप वरून आलाय," फौजदारबाई म्हणाल्या. "विचारतील तुम्हाला."

"विचारू दे. चोर म्हणून तर त्यांनीच नेमलंय मला." तिनं पेटी उचलून छातीशी धरली. "एवढी वर्षं एकही नियम मोडला नाही मी. बाबांचीच चूक केली."

ती तळघराचा जिना उतरून गेली. टेबलावर टाचण्यांची बरणी होती. सगळ्या सारख्याच गंजलेल्या, कितीतरी मोडलेल्या. कालची मोडकी कोणती, ते ओळखणं शक्य नव्हतं. फौजदारबाईंनी तरीही ती बरणी बराच वेळ उजेडात धरून पाहिली.